चार हजार हर्ट्झच्या आसपास

तुर्भ्याच्या त्या दुकानात भिंतभर गाडीचे स्पीकर लावलेले आहेत. फळीला गोल भोकं पाडून एकेक जोड बसवलेला, खाली बटणांची रांग. बटण दाबलं की गाणं तेच राहतं, फक्त आवाज एका जोडातून दुसऱ्यात जातो. माझ्या गाडीसाठी मी साडेसहा इंची कंपोनंटचे, म्हणजे मोठा आणि छोटा स्पीकर सुटा असलेले, दोन जोड निवडून ठेवले होते. एकाच्या ट्विटरची, म्हणजे वरचे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरची, घुमटी रेशमी कापडाची, दुसऱ्याची ॲल्युमिनियमची. दुकानातला मुलगा न बोलता बटणं दाबत होता. एक, दोन, एक, दोन. माझं जवळजवळ ठरलं होतं, रेशमी घ्यायचा. धातूच्या जोडावर गायिकेचा प्रत्येक 'स' टोचत होता. शेजारी एक गृहस्थ उभे होते, सत्तरीच्या घरातले, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. जावयाच्या गाडीचं काम चालू होतं म्हणून थांबलेले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, पण धातूचा जोड पुन्हा वाजला तसे ते म्हणाले, "हा मोकळा आहे. तो पहिला म्हणजे बाई तोंडावर रुमाल धरून गातेय असं वाटतं." मुलाने आवाजाची पातळी नीट जुळवून दोन्ही जोड पुन्हा ऐकवले. त्यांचं मत बदललं नाही, माझंही नाही. मुलगा म्हणाला, "दोघंही बरोबर आहात काका," आणि बिलबुक काढायला वळला.

घणसोलीपाशी दोन्ही बाजूंनी ट्रक चाललेले असताना ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. दुकानदार गिऱ्हाइकाला दुखवत नाही हे खरं, पण त्या मुलाच्या बोलण्यात गोड बोलून माल खपवण्याचा सूर नव्हता. दिवसभर माणसांना स्पीकर ऐकवताना जे दिसतं ते त्याने सांगून टाकलं होतं. एकच फळी, एकच गाणं, हाताच्या अंतरावर उभी असलेली दोन माणसं, आणि एकाला जे टोचतं ते दुसऱ्याला मोकळं वाटतं. ज्याची त्याची आवड म्हणून सोडून देता आलं असतं. मला ते सोडवेना, कारण त्या गृहस्थांनी 'मला हा आवडला' असं म्हटलंच नव्हतं. पहिल्या जोडावर काहीतरी झाकलं जातंय, असं ते सांगत होते. माझ्या कानाला तिथे काहीच झाकलेलं नव्हतं.

या विषयात थोडाफार हात असलेल्या माणसाला फळीची पहिली खोड ठाऊक असते. जो जोड मोठा वाजतो तो चांगला वाटतो. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर कुणी ८८ डेसिबल देतो, कुणी ९१. कागदावर तीनचाच फरक, पण तो भरून काढायला पहिल्या जोडाला दुप्पट ताकद द्यावी लागते. बटण दाबल्याबरोबर हाच फरक आधी जाणवतो आणि मन कौल देऊन मोकळं होतं. त्या मुलाने पातळी जुळवायची तसदी घेतली याचं मला खरोखर कौतुक वाटलं. खोक्यावरच्या आकड्यांचीही अशीच गत. ठळक अक्षरांत ३०० वॉट असतात ते पीक, म्हणजे क्षणभराचे, खाली बारीक अक्षरांत आरएमएस, म्हणजे सलग पेलणारे, ५० किंवा ६०. आणि डॅशबोर्डातल्या ज्या स्टिरिओवर ५० वॉट गुणिले ४ असं छापलेलं असतं, तो एकेका स्पीकरला सलग पंधरा-वीस वॉटच देऊ शकतो. वेगळा अँप्लिफायर न लावता कंपोनंट बसवणार असाल तर वॉट बाजूला ठेवा आणि डेसिबल बघा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पण हे सगळं जमेस धरलं तरी त्या दोन मतांचा उलगडा होत नव्हता. पातळी सारखी होती, गाणं सारखं होतं.

फिटिंग मी दुकानात करत नाही. मानपाड्याला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी दार उघडायला घेतलं, लेक टॉर्च धरून शेजारी. दाराचा पॅड ओढला की आतल्या क्लिपा टक् टक् करत सुटतात आणि दर वेळी वाटतं, हीच तुटली. कंपनीने बसवलेला स्पीकर बाहेर आला, कागदी शंकूचा, मागे एवढंसं चुंबक. नवा वूफर, म्हणजे जोडातला मोठा स्पीकर, हातात घेतल्यावर वजनातला फरक लेकीलाही कळला. दाराच्या उघड्या पत्र्यावर टिचकी मारली की तो घुमतो. म्हणून आधी ब्यूटाइलच्या काळ्या चिकट शीट, वरून ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या, छोट्या रोलरने दाबून दाबून बसवल्या. हाताचा रबरी वास साबणाने जात नाही. पुन्हा टिचकी मारली तेव्हा आवाज ठप्प आला. स्पीकरच्या बजेटमधले थोडे पैसे काढून या डॅम्पिंगवर घालावेत असं माझं ठाम मत आहे. दार घुमत असेल तर कितीही भारी वूफर लावा, ऐकू दारच येतं.

ट्विटर हातात घेऊन मात्र मी बराच वेळ बघत बसलो. जाळीआड २५ मिलिमीटरची घुमटी, मागे निओडिमियमचं चपटं चुंबक. कापडाला कसलासा लेप दिलेला असतो, त्यामुळे ती किंचित ओलसर दिसते. धूळ बसली तर पुसायची सोय नाही आणि बोट लागलं तर खळगा पडतो. कंपोनंट म्हणजे शेवटी एवढंच, की मोठ्या स्पीकरच्या मध्यावर बसणारा ट्विटर सुटा करून वर आरशाजवळ आणायचा आणि आवाजाची वाटणी करायला मध्ये क्रॉसओव्हर टाकायचा. वर का आणायचा, तर ३,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा थरथरणाऱ्या, लहरीची लांबी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. दारातला वूफर त्याहून रुंद, त्यामुळे तिथून वरचे आवाज त्याला चहूकडे पसरवता येत नाहीत, तो ते समोरच्या रेषेत फेकतो. दारात त्याच्या समोर असते आपली पोटरी आणि कान त्या रेषेच्या कितीतरी वर. म्हणून बहुतेक जोडांत तीन ते चार हजारांच्या दरम्यान वूफरने थांबायचं आणि ट्विटरने उचलायचं असं ठरलेलं असतं. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने मी हेच केलं होतं. ४ ओहमच्या ट्विटरच्या वायरीत तो एकटा घातला तरी ४,००० हर्ट्झच्या खालचा आवाज हळूहळू गाळला जातो. कळव्याच्या आमच्या खोलीत, प्लायवूडच्या खोक्यात, तो प्रयोग वाजला तेव्हा आई पोळ्या टाकून बघायला आली होती. चार हजार हा आकडा माझ्या तेव्हापासूनच्या ओळखीचा, दोन स्पीकरांच्या शिवेवरचा.

सगळं जोडून झाल्यावर चालकाच्या सीटवर बसलो. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणजे उजवा ट्विटर अगदी जवळ आणि डावा पार पलीकडच्या आरशापाशी. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. डावा अर्धा मीटर लांब असेल तर त्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचणार. कानाला तेवढा उशीर पुरतो. जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला. तोच आवाज दोन ठिकाणांहून आला की जो आधी पोहोचतो, त्याच बाजूला आपण आवाजाचं घर मानतो. म्हणून आधी गाणारा उजव्या आरशात बसला होता. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये उजवी बाजू दीड मिलिसेकंद थांबवली आणि गायक डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या थोडा पलीकडे येऊन बसला. इंजिन बंद, काचा वर, पार्किंगमध्ये कुणाची स्कूटर सुरू होत होती. मी मुद्दाम तानपुऱ्यावरचा संथ यमन लावला होता. एका तारेतून इतके स्वर कसे निघतात याचं कोडं सी. व्ही. रामन यांनाही पडलं होतं. १९२१ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांनी गप्प बसायला हवं तेही घोडीच्या वक्र पृष्ठामुळे आणि त्यावरच्या दोऱ्यामुळे जागे होतात. ती जवारी, तो झंकार, आता मला समोर, हाताने दाखवता येईल अशा जागी ऐकू येत होती. कंपनीच्या स्पीकरवर तिथे नुसती गुणगुण होती. लेक शेजारच्या सीटवर बसून म्हणाली, "बाबा, इकडे तर सगळं डावीकडेच येतंय." बरोबरच होतं. माझ्यासाठी जो हिशेब जुळवला तो तिच्या बाजूने दुप्पट चुकत होता.

गाडीतला आवाज एका वेळी एकाच माणसासाठी नीट लागतो.

माझे बाबा त्या डाव्या सीटवर बसले ते पुढच्याच रविवारी. नेरुळला आत्याकडे जायचं होतं, कळव्याहून त्यांना घेतलं. विटाव्याच्या पुलाखाली नेहमीचा खोळंबा, मग ऐरोली. मी त्यांच्यासाठी एक गोष्ट तयार ठेवली होती. त्यांच्या भजनी मंडळाने एका सप्ताहात केलेलं कॅसेटवरचं रेकॉर्डिंग मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. चाळीच्या पटांगणात, एका टेपरेकॉर्डरवर घेतलेलं. मागे सतत सूं असा कॅसेटचा आवाज, मधूनच कुणाचं तरी खोकणं, लांबून जाणारी लोकल. पखवाज जरा दूर आणि टाळ मात्र अगदी माइकच्या तोंडाशी. बाबा त्यात टाळ धरायला आहेत. जाड काशाचे, लाल दोरीचे ते टाळ आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी खुंटीला असायचे. एकमेकांवर टेकवून सोडले की किती वेळ किणकिणत राहतात ते आम्ही भावंडं श्वास धरून मोजायचो. सेटिंग बदलून मी आवाज डाव्या सीटकडे वळवला आणि रेकॉर्डिंग लावलं. नव्या ट्विटरवर टाळांचा तो पहिला आघात, मग मागे राहणारी थरथर, दोन जोड्यांतला बारीकसा स्वरभेद, सगळं स्पष्ट येत होतं. मी रस्त्याकडे बघत त्यांच्या बोलण्याची वाट पाहत होतो. रबाळे गेलं. बाबा मान हलवत ऐकत होते, मांडीवर बोटं चालू होती. मग म्हणाले, "पखवाज काय सुंदर आलाय रे. टाळ कापले का यातनं?"

मी ट्रेबल, म्हणजे वरच्या स्वरांचा जोर, वाढवला. काही नाही. आणखी वाढवला, आवाजही चढवला, आणि त्यांनी एकदम कानावर हात नेला. "अरे, बारीक कर. फाटतात कान."

नौपाड्यात एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे त्यांच्या कानांची तपासणी केली. काचेच्या खिडकीची छोटी खोली, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून पाहत होतो. बाबा डोळे मिटून बसले होते, आणि बराच वेळ त्यांचं बोट हललंच नाही, तेव्हा मला समजलं की आत काहीतरी वाजतंय. कागद हातात आला. आडव्या रेषेवर २५०, ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००. वरून खाली डेसिबल, खूण जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. उजव्या कानाच्या लाल गोल खुणा, डाव्याच्या निळ्या फुल्या. एक हजारापर्यंत दोन्ही रेषा वरच्या बाजूला चालत आलेल्या, आणि मग चार हजारांपाशी सरळ दरीत, साठ डेसिबलच्या आसपास, आणि आठ हजारांना किंचित वर. हा आलेख मी पाहिलेला होता. स्पीकरच्या खोक्यातल्या कागदावर क्रॉसओव्हरचा जो आलेख असतो त्यात वूफरची रेषा नेमकी याच ठिकाणी अशीच खाली उतरते. फरक इतकाच, की तिथे ती उतरताना दुसरी रेषा वर येते. बाबांच्या कागदावर दुसरी रेषा नव्हती.

"कुठे कामाला होते?" बाईंनी विचारलं. प्रेस शॉप, मी सांगितलं. त्यांनी पुढचं विचारलं नाही. ठाण्यात बसून तो कागद वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. १९६२ मध्ये एमआयडीसी उभी राहिली ती वागळे इस्टेटपासून, मग ठाणे-बेलापूर पट्टा भरत गेला, आणि आमच्या चाळीतल्या जवळपास प्रत्येक घरातला एक माणूस कुठल्या तरी शेडमध्ये उभा होता. बाबांच्या शेडमध्ये पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेस होत्या. तिथली माणसं हातांच्या खुणांनी बोलायची. चहा, सुपरवायझर, साहेब, घरी चल, प्रत्येकाची खूण ठरलेली. लहानपणी बाबा त्या आम्हाला करून दाखवायचे तेव्हा आम्हाला तो खेळ वाटायचा. कानात कापसाचे बोळे घालायचे, फोमचे प्लग आले ते निवृत्तीच्या जवळपास. कायद्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा होती. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत मोडत होता. बाबांचा कुणी कुठे कळवला नाही. मला याचा राग येतो. तो राग त्या कागदावर दोन इंचांच्या दरीत मावतो हे पाहून आणखी येतो.

चार हजारच का, हे मी नंतर वाचून काढलं. आपल्या कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे ट्विटरच्या घुमटीच्या रुंदीइतकी. एका टोकाला पडदा, म्हणजे एका बाजूने बंद. अशी नळी तीन-साडेतीन हजार हर्ट्झला आपोआप घुमते आणि तिथला आवाज वाढवून आत सोडते. बाळाचं रडणं, हाक मारणाऱ्याचा आवाज याच पट्ट्यात सगळ्यात तीव्र पोहोचतो, म्हणून निसर्गाने दिलेली ही सोय मोठीच. पण प्रेसचा दणकाही त्याच वाटेने वाढून आत जातो आणि मार बसतो तो त्याच्या जरासा वर, चार हजारांच्या आसपास. आतल्या शंखातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. आणि ज्या कानात त्या गेल्या, त्याची आणखी एक तऱ्हा असते. हळू आवाज पोहोचतच नाही, आणि थोडा चढवला की एकदम अंगावर येतो. मधली पायरीच नाही. घरी फोनवर आई हळू बोलली की "काय?" आणि मोठ्याने बोलली की "ओरडतेस कशाला?" हा संवाद मी कित्येक वर्षं ऐकत आलो होतो. गाडीत ट्रेबल वाढवल्यावर झालं ते हेच. ट्विटरची पातळी दोन डेसिबलने चढवायची कळ माझ्या क्रॉसओव्हरवर आहे, पण ती सगळंच चढवते, हळू तेही आणि मोठं तेही. बाबांना हवं होतं ते तिच्यात नव्हतं.

तुर्भ्याचे ते गृहस्थ मला तेव्हा पुन्हा आठवले. त्यांचा कान कसा आहे, ते कुठे नोकरीला होते, मला माहीत नाही. पण सत्तरीच्या कानात वरचा भाग थोडा तरी विरळ झालेला असतोच, कारखाना असो वा नसो. वयाने आधी जातात ते वरचे स्वर. ॲल्युमिनियमच्या घुमटीने तिथे जो जोर दिला तो माझ्या कानाला जादा होता, त्यांच्या कानाला पुरेसा होता. त्यांनी ऐकलेलं रुमाल धरलेलं गाणं त्यांच्यापुरतं खरंच तसं होतं. त्या मुलाला हे आलेख ठाऊक असतील-नसतील, पण त्याने दोघांना बरोबर ठरवलं ते योग्यच होतं.

यानंतर एकदा उपवनच्या तळ्याकाठी गाडी उभी करून आम्ही तिघांनी फोनवरून चढत्या पट्टीचा सूर ऐकला. ही काही तपासणी नव्हे, पण अंदाज येतो. पाच हजारांच्या आधीच बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मी साडेतेरा हजारांच्या आसपास थांबलो. लेक सतरा हजारांपर्यंत हात वर धरून बसली होती आणि मध्येच म्हणाली, "तुमच्या चार्जरचा पण असाच बारीक आवाज येतो की सारखा, तुम्हाला येत नाही?" सिगारेट लायटरच्या जागी लावलेला तो स्वस्तातला चार्जर. मला कधीच आला नव्हता. तिने तो उपटून काढला आणि कपाळावरची आठी गेली. एका गाडीत तीन माणसं बसली होती आणि तिघांना तीन वेगळे ट्विटर ऐकू येत होते. खोक्यावर ४० किलोहर्ट्झ छापलेले आणि सोनेरी चिकटपट्टी लावलेले जोड मी दुकानात पाहतो, तेव्हा माझं आता स्पष्ट मत झालंय की त्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. त्यातला वरचा अर्धा भाग लहान मुलांच्याही कानाबाहेरचा आहे. तीन ते सहा हजारांच्या पट्ट्यात जो जोड स्वच्छ वाजतो, वूफरकडून ट्विटरकडे जाताना जिथे गाणाऱ्याचा आवाज बदलत नाही, तो घ्यावा. स, श, थ, फ, टाळीचा कडकडाट, तबल्याच्या किनारीवरची थाप, बायकांच्या बांगड्या, सगळं तिथून पुढे राहतं. आणि ऐकायला दुकानात एकट्याने जाऊ नये. गाडीत जी माणसं बसणार ती बरोबर न्यावीत, म्हातारी असली तरी, कंटाळा आला म्हणाली तरी.

भजनाला जाणं बाबांनी करोनाच्या थोडं आधी सोडलं होतं. गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही, असं ते सांगायचे, आणि गुडघे दुखतातच, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. तपासणीच्या दिवशी गोखले रोडवर रसाच्या दुकानात बसल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. समोरच्या माणसाचे टाळ ऐकू येईनात, मग हात पुढे-मागे पडायला लागला. पखवाजवाला एकदा वळून बघायला लागला. "चुकणाऱ्याने बसू नये रे मंडळात, बाकीच्यांचा रंग जातो." एवढं बोलून त्यांनी ग्लास उचलला. गाडीत टाळ कापले का असं त्यांनी विचारलं, त्यात आश्चर्य फार नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. त्यांचे टाळ आधीच कापले गेले होते, फक्त स्वतःचं रेकॉर्डिंग असूनही ते येऊ नयेत हे त्यांना नवं होतं.

श्रवणयंत्र म्हणजे शेवटी एक स्पीकरच. कानामागे बसणारं, मुगाएवढ्या रिसीव्हरचं, पण स्पीकर. बाईंनी माहितीपत्रक पुढे ठेवलं तेव्हा त्यातले बरेचसे शब्द माझ्या ओळखीचे निघाले. चॅनेल, गेन, कॉम्प्रेशन. माझ्या क्रॉसओव्हरला जे जमत नाही ते हे यंत्र करतं. आवाजाचे पट्टे पाडून ज्या पट्ट्यात कान खचलाय तिथला हळू आवाज खूप वाढवतं आणि मोठा आवाज जेमतेम वाढवतं. मधली हरवलेली पायरी बांधायचा प्रयत्न. बाबांना यातलं काही सांगायची गरज पडली नाही. ट्रायलच्या दिवशी ते कापडी पिशवी घेऊन आले होते. मला वाटलं रिपोर्ट असतील. यंत्र कानात बसलं, बाईंनी नेहमीप्रमाणे पाठीमागे जाऊन "आजोबा, जेवलात का?" विचारलं. बाबा म्हणाले, "ऐकू येतंय, जेवलो," आणि पिशवीतून टाळ काढले.

एवढ्याशा खोलीत काशाचे टाळ वाजले तेव्हा बाहेरच्या बाकावरची माणसं उठून आत डोकावली. बाबांनी दोनदा वाजवले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागचं जे राहतं ना, ते तुटतंय. किण् होतं आणि कुणीतरी हात लावतं." मला उत्तर माहीत नव्हतं, बाईंना होतं. यंत्र शीळ घालू नये म्हणून त्यात एक सोय असते, ती लांबत जाणाऱ्या सुराला शीळ समजून दाबते. बासरीचं, टाळांचं हेच होतं. त्यांनी कॉम्प्युटरवर संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम चढवला, शीळ रोखणारी ती सोय सैल केली, चार हजारांचा गेन, म्हणजे तिथली वाढ, थोडा खाली आणला. बाबांनी पुन्हा टाळ टेकवले आणि सोडले. मान तिरकी करून शेवटपर्यंत थांबले. "आता आहे. पण पत्र्याचा वाटतो. हे काशाचे आहेत." बाईंनी दुसऱ्या कंपनीचं यंत्र काढलं. मग पुन्हा टाळ, पुन्हा मान तिरकी. दोन्हींमधलं बरं कुठलं ते त्यांनी त्या खोलीत सांगितलं नाही. किंमत विचारली, ऐकली, टाळ पिशवीत घातले आणि बाईंना म्हणाले, दोन्ही द्या, एकादशीला मंडळात बसून एकेक लावून बघतो, पैशाचं त्यानंतर बोलू.